पन्नाशीच्या ऑफिस टॉवरचा इतिहास कुठे शोधायचा : कागदांत, सळयांत आणि लिफ्टच्या खड्ड्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे : बडोद्यात सयाजीगंज भागात तळमजला अधिक नऊ मजल्यांची ऑफिस इमारत आहे. पुढच्या वर्षी तिला पन्नास वर्षं होतील असं सगळे म्हणतात. असोसिएशनला स्मरणिका काढायची आहे. मूळ बिल्डर राहिला नाही, आर्किटेक्टचं ऑफिस बंद झालं, हातात एक जाडजूड फाइल तेवढी आहे. इतिहास गोळा कसा करायचा, आणि इमारत अजून किती टिकेल हे त्यातून कळेल का?

कळेल, पण सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. इतिहास म्हटलं की पायाभरणीचा फोटो, उद्घाटनाला कोण पाहुणे आले आणि पहिलं ऑफिस कुणी घेतलं, एवढं गोळा केलं जातं. ते दोन पानांत संपतं. ऑफिस टॉवरचा खरा इतिहास तो बांधून झाल्यावर सुरू होतो : कुठली भिंत कधी पाडली, गच्चीवर काय काय चढलं, पार्किंगच्या जागी दुकानं कधी आली. मंजूर नकाशातली इमारत आणि आज रस्त्यावरून दिसते ती इमारत, या दोन निराळ्या असतात. त्यांच्यातला फरक तारखेनिशी मांडलात की स्मरणिका तयार होते आणि मजबुतीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तरही हाती येतं.

ज्या इमारतीपासून या प्रकाराचा इतिहास सांगायची पद्धत आहे, तिचीही हीच कथा. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ साली पुरी झाली. आराखडा विल्यम ल बॅरन जेनी यांचा, मजले दहा, उंची साधारण ४२ मीटर. पुढे वर आणखी दोन मजले चढवले. धातूच्या सांगाड्यावर उभी असलेली पहिली उंच इमारत हीच, असा तिचा लौकिक होता. १९३१ मध्ये ती पाडायला घेतली तेव्हा जाणकारांनी तो सांगाडा उघडा होताना तपासला. बराचसा भार धातूच्या खांबांवर होता खरा, पण खालचे काही दगडी खांब आणि विटांच्या काही भिंतीही वजन उचलत होत्या. त्यामुळे ‘पहिली’ या मानावरून अजूनही वाद चालतो. इतकी नामांकित इमारतसुद्धा फोडून पाहिल्याशिवाय नीट कळली नाही, तर आपल्याकडच्या एका फाइलवर किती विसंबायचं, ते तुम्हीच ठरवा.

आता कागद. पहिला कागद सिटी सर्व्हे कार्यालयातलं प्रॉपर्टी कार्ड. त्यावर सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि मालकीच्या नोंदी तारखेसह असतात. प्लॉटचा मागोवा यातूनच लागतो. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि १ मे १९६० ला गुजरात राज्य झालं, त्यामुळे जुन्या नोंदींत तीन राजवटींचे शिक्के दिसू शकतात. जमिनीचा संस्थानी काळातला धागा सापडला तर काही कागद मोडी लिपीतले निघतील. ते वाचणारी माणसं दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतून अजून मिळतात. पण इमारतीच्या इतिहासासाठी तिथवर जायची गरज क्वचितच पडते. हौस असेल तर जा.

दुसरा आणि सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे महानगरपालिकेची रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, तिच्यासोबतचे मंजूर नकाशे आणि शेवटी मिळालेली वापर परवानगी, म्हणजे आपण ज्याला बी. यू. (बिल्डिंग यूज) म्हणतो ती. असोसिएशनच्या फाइलमध्ये यांतलं एखादंच पान असतं, तेही झेरॉक्सची झेरॉक्स. माहिती अधिकारात अर्ज करा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे अर्जात इमारतीचं आजचं नाव लिहिणं. पालिकेची फाइल इमारतीच्या नावाने लागत नाही. ती टी. पी. (नगररचना) स्कीम नंबर, त्या स्कीममधला फायनल प्लॉट नंबर आणि त्या वेळच्या अर्जदाराचं, म्हणजे जमीनमालकाचं नाव, यांवर लागते. ही तिन्ही आधी प्रॉपर्टी कार्डावरून काढा आणि अर्जात लिहा. ‘प्रत द्यावी’ एवढंच न लिहिता ‘मूळ फाइलची पाहणी करू द्यावी’ असंही मागा, कारण मोठ्या नकाशाच्या झेरॉक्समध्ये कॉलमची मापं हमखास पुसट येतात. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं आलं तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत करा. अपिलानंतर फाइल सापडल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

फाइल मिळाली की सुधारित नकाशे किती आहेत ते मोजा. तळमजला अधिक सहा मंजूर, मग सुधारणा करून नऊ, असं बऱ्याच ठिकाणी झालेलं असतं. असं असेल तर लगेच विचारायचा प्रश्न : पाया सहाचा धरून घातला होता की नऊचा? स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर तारीख पाहा. फूटिंगचं, म्हणजे पायाचं, ड्रॉइंग पहिल्या रजाचिठ्ठीच्या आधीचं आणि वरच्या मजल्यांचं ड्रॉइंग दोन-तीन वर्षांनंतरचं असेल, तर त्या दोन तारखांमधलं अंतर हे तुमच्या स्मरणिकेतलं सर्वांत महत्त्वाचं पान आहे.

१९७६ च्या आसपासची फाइल असेल तर शहरी जमीन कमाल धारणा कायद्याचे कागदही त्यात असू शकतात. हा कायदा त्याच वर्षी आला आणि बडोदा त्याच्या कक्षेत होतं. प्लॉट मोठा असेल तर बांधकाम कधी आणि का रखडलं याचं उत्तर तिथे मिळतं. बाकीचे कागद पटकन सांगतो. वेऱ्याच्या, म्हणजे पालिकेच्या मालमत्ता कराच्या, रजिस्टरात पहिली आकारणी कधी झाली आणि मजलावार क्षेत्र किती दाखवलं ते असतं. पोटमाळे आणि वाढीव बांधकाम नकाशात नसलं तरी वेऱ्यात सापडतं, कारण पैसे वसूल करायला कुणी विसरत नाही. विजेचं पहिलं कनेक्शन त्या काळच्या गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्डाचं असणार. त्यातला मंजूर भार आणि आजचा भार शेजारी शेजारी ठेवा, एसीचा सगळा इतिहास समोर येईल. ऑफिसं मालकीने विकली असतील तर त्या काळच्या पुष्कळ व्यापारी इमारती नॉन-ट्रेडिंग कॉर्पोरेशन म्हणून नोंदवलेल्या असत. तिचं शेअर रजिस्टर मिळालं तर पहिल्या रहिवाशांची यादी आयती मिळते. सब-रजिस्ट्रारकडचे दस्तावेज शोधायला वकील लावा, आणि दस्तावेजाला जोडलेले मजल्याचे नकाशे मुद्दाम मागा. कित्येकदा पालिकेकडे हरवलेला नकाशा तिथे शाबूत असतो.

आता इमारतीकडे वळू, कारण कागद इथेच संपतात.

वय ओळखायची पहिली खूण सळई. जिना, पंपरूम किंवा तळघर, जिथे प्लास्टर फुगून आधीच पडलं आहे तिथे पाहा, मुद्दाम फोडू नका. गुळगुळीत गोल सळई आणि टोकाला आकडा (हूक) असेल तर माइल्ड स्टील, साधारणपणे साठच्या दशकापर्यंतची पद्धत. अंगावर दोरासारखा पीळ दिसत असेल तर ती टॉर, थंड अवस्थेत पिळलेली सळई. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून नव्वदीपर्यंत तिचंच राज्य होतं. आडव्या-तिरप्या रेघा आहेत पण पीळ नाही, ती टीएमटी, म्हणजे बहुधा नव्वदीच्या आसपासची किंवा नंतरची. नऊ मजल्यांच्या इमारतीत खाली टॉर आणि वरच्या मजल्याच्या कॉलममध्ये टीएमटी निघाली, तर तो मजला पन्नास वर्षांचा नाही, कागद काहीही सांगोत. पिळाच्या सळईबद्दल एक लक्षात ठेवा : पीळ देताना तिच्यात ताण उरतो, त्यामुळे ओल लागली की ती साध्या सळईपेक्षा लवकर गंजते.

दुसरी खूण ड्रॉइंगवरची भाषा. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या १९६४ च्या आवृत्तीत काँक्रीटची प्रत, म्हणजे ताकद, एम १५०, एम २०० अशी लिहीत, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. १९७८ च्या आवृत्तीपासून एम १५, एम २० झालं. तेव्हा ‘एम १५०’ लिहिलेलं ड्रॉइंग त्या बदलाच्या आगेमागे किंवा आधीचं. प्रत्यक्ष मिश्रण बहुधा सिमेंट, वाळू, खडी १:२:४, घमेल्याने मोजलेलं, पाणी अंदाजाने. त्या काळात सिमेंटवर नियंत्रण होतं, पोती परमिटवर मिळत. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण. म्हणून कुठल्या मजल्याचा स्लॅब कोणत्या महिन्यात पडला याची साइट डायरी सापडली तर ती सोन्याच्या मोलाची. सिमेंट संपल्यामुळे अर्ध्यावर थांबवलेला स्लॅब, म्हणजे जुन्या आणि नव्या काँक्रीटचा सांधा, पुढे तिथूनच गळतो.

तिसऱ्या खुणा किरकोळ, पण स्मरणिकेत छान दिसतात. मोझॅक फरशी, पुटीने काच बसवलेल्या लोखंडी सेक्शनच्या खिडक्या, जिन्याला सिमेंटची जाळी, उन्हाच्या बाजूला उभ्या काँक्रीटच्या पट्ट्या, ही मूळची. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, व्हिट्रिफाइड टाइल, फॉल्स सीलिंग, ही नंतरची. एखाद्या कोपऱ्यातल्या स्टोअररूमला कुणी हात लावला नसेल तर ती जशी आहे तशी फोटोत पकडा. मूळ इमारत तिथेच उरलेली असते.

इतकं झाल्यावर चाचण्या. स्मरणिकेसाठी त्या लागत नाहीत, पण तुम्ही ‘किती टिकेल’ विचारलंत, आणि ते डोळ्यांनी सांगता येत नाही. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी चाचणी फिनॉल्फ्थॅलीनची. अल्कोहोलमध्ये एक टक्का द्रावण, फवारणीची बाटली, छिन्नी आणि हातोडा, एवढंच सामान. कॉलमच्या कोपऱ्यावर प्लास्टर काढून काँक्रीटचा ताजा तुकडा उडवा, धूळ ब्रशने झटका आणि लगेच फवारा. काँक्रीटचा क्षारगुण शाबूत असेल तिथे गर्द गुलाबी रंग येतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो गुण गेला असेल तिथे काहीच रंग येत नाही. बाहेरून आत किती मिलिमीटर कोरडी, म्हणजे रंग न आलेली, पट्टी आहे ते मोजा. मग त्या ठिकाणी सळईवर किती कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, आहे ते मोजा. कोरडी पट्टी सळईपर्यंत पोचली असेल तर सळईचं संरक्षण संपलं, मग गंजायला फक्त ओल हवी. या पट्टीची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे २५ वर्षांत २० मिलिमीटर आत गेली असेल तर २५ मिलिमीटरचं कव्हर साधारण ३९ व्या वर्षी पार होतं. पन्नाशीच्या इमारतीत ते झालेलंच असण्याची शक्यता जास्त. ड्रिलच्या भुकटीवर ही चाचणी करणारे लोक आहेत. त्यांना सगळीकडे गुलाबी दिसतं, कारण आतली ताजी भुकटी बाहेर येऊन मिसळते. प्लास्टरवरच फवारणारेही आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

हॅमर टेस्ट, म्हणजे काँक्रीटवर आपटून किती उसळतो यावरून ताकद सांगणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आकडे, एकटी धरू नका. कार्बोनेशनने, म्हणजे वर सांगितलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने, पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर ताकद प्रत्यक्षापेक्षा ५० टक्क्यांपर्यंत जास्त दाखवू शकतो. जुन्या इमारतीचा ‘एम २५ आला’ असा गोड अहवाल बहुधा इथूनच येतो. त्याच्या जोडीला अल्ट्रासॉनिक चाचणी घ्या, ज्यात काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजतात. आयएस १३३११ च्या जुन्या कोष्टकात सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर उत्तम, साडेतीन ते साडेचार चांगलं, तीन ते साडेतीन मध्यम आणि तीनच्या खाली शंकास्पद, असं वर्गीकरण आहे. संशय राहिला तर कोअर, म्हणजे काँक्रीटचे नळकांड्यासारखे नमुने, काढा, तीनपेक्षा कमी नको. तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नाही, हा निकष. कोअर घेण्याआधी कव्हर मीटरने सळई शोधा. मुख्य सळई कापून काढलेला कोअर दोन्हीकडून तोटा करतो.

आता २००१. २६ जानेवारीच्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूज भागात भूकंप झाला आणि केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. कारणं तेव्हाच लिहून झाली आहेत. तळमजल्यावर पार्किंग, म्हणजे भिंती नाहीत, आणि वर सगळ्या मजल्यांवर विटांच्या भिंती, त्यामुळे सगळी हालचाल तळमजल्याच्या कॉलममध्येच एकवटली. वरचे मजले रस्त्याच्या बाजूला पुढे काढलेले आणि त्या पुढच्या भागाचे कॉलम खाली जमिनीपर्यंत न जाता नुसत्या बीमवर टेकलेले. गच्चीवर पाण्याची जड टाकी. कॉलममधल्या रिंगा पातळ, लांब लांब, आणि त्यांचे आकडे काटकोनात वळवलेले, जे हादऱ्यात उघडतात. आकडा १३५ अंशांत आत वळवून कॉलमच्या पोटात अडकवायचा, हा नियम देणारं आयएस १३९२० मानक १९९३ सालचं आहे. म्हणजे १९७६ च्या इमारतीत तो आकडा सापडण्याची अपेक्षाच धरू नका. बडोदा भूकंप क्षेत्र ३ मध्ये येतं, तेव्हा हे दुसऱ्या गावाचं दुखणं म्हणून सोडून देता येत नाही.

तुमच्या इमारतीत हे तपासायला इंजिनिअर यायच्या आधीही एक काम होतं. तळमजल्यावर उभे राहून रस्त्याकडचा शेवटचा कॉलम पाहा, मग पहिल्या मजल्यावर जाऊन तोच कॉलम शोधा. वर एक जास्तीचा कॉलम पुढे दिसला तर तो कशावर उभा आहे ते पाहा. शिवाय भूकंपानंतर कुणी तपासणी केली होती का, कॉलमला जॅकेट, म्हणजे भोवती नव्या काँक्रीटचा थर, चढवलं का, हे असोसिएशनच्या २००१-०२ च्या इतिवृत्तात शोधा. जॅकेट चढवलेला कॉलम ओळखू येतो, मूळ नकाशापेक्षा प्रत्येक बाजूने साधारण १०० मिलिमीटर जाड असतो. पण जॅकेट फक्त तळमजल्यापुरतंच थांबलं असेल, किंवा पायाशी सांधलं नसेल, तर तो खर्च बव्हंशी दिखाऊ ठरतो.

वजनाचा हिशेब हा या इमारतींचा दुसरा न लिहिलेला इतिहास. मानकानुसार ऑफिसच्या मजल्यावर, फाइलींची खोली वेगळी असेल तर चौरस मीटरला २५० किलो धरतात, वेगळी नसेल तर ४००, आणि खुद्द फाइलींच्या खोलीत ५००. मग १९९५ च्या सुमारास एखादी बँक किंवा विमा कंपनी येते आणि सरकत्या कपाटांचा कॉम्पॅक्टर बसवते. तो भरलेला असला की चौरस मीटरला ९००-१००० किलो सहज होतात. त्यातच जुन्या मोझॅकवर ५० मिलिमीटरचा नवा थर आणि टाइल, म्हणजे चौरस मीटरला १२० किलो आणखी. केबिन करण्यासाठी साडेचार इंची विटांची भिंत, तीन मीटर उंच, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, म्हणजे धावत्या मीटरला ८०० किलोच्या पुढे. गच्चीवर गळती थांबवण्यासाठी ब्रिकबॅट कोब्यावर दुसरा कोबा आणि त्यावर पुन्हा चायना मोझॅक. जुना थर न काढता घातलेला प्रत्येक १०० मिलिमीटर म्हणजे सुमारे २०० किलो. दहा हजार लिटरच्या टाकीचं पाणीच दहा टन, वर मोबाइल टॉवर. यांतलं एकेकटं काही इमारत पाडत नाही. पण तुम्ही मजलावार तक्ता केलात तर कोणत्या स्लॅबवर सगळं एकाच जागी साचलं आहे ते दिसतं, आणि त्याच स्लॅबखालच्या ऑफिसात बीमला तडे असतात.

पाण्याचे मार्ग मात्र बारकाईने पाहा, कारण बडोद्यातल्या या वयाच्या इमारतींचं बहुतेक नुकसान तिथूनच झालेलं असतं. दोन जागा ठरलेल्या. एक, टॉयलेटचा खोल स्लॅब. विटांच्या तुकड्यांनी भरलेला, खालून कधी न पाहिलेला. त्याच्या खालच्या बीमवर पांढरे क्षार आणि तपकिरी ओघळ शेजारी शेजारी असतील तर आत सळई गंजते आहे. दुसरी जागा एसीची. खिडकीचे एसी गेले, स्प्लिट आले, बाहेरचं युनिट छज्ज्यावर गेलं आणि पाण्याची नळी तशीच लोंबकळत सोडली. ती नळी बरोबर कॉलम-बीमच्या सांध्यावर वर्षानुवर्षं ठिबकते. बाहेरून दुर्बिणीने पाहिलं तर प्रत्येक मजल्यावर एकाच उभ्या रेषेत प्लास्टर पोकळ झालेलं दिसतं. हातोडीने ठोकलं की तिथे बद्द आवाज येतो.

तळघर असेल तर विश्वामित्रीच्या पुरांचा हिशेब लिफ्टच्या खड्ड्यात मिळेल. तळघराच्या भिंती प्रत्येक पुरानंतर रंगवल्या जातात, लिफ्टचा खड्डा कुणी रंगवत नाही. मेकॅनिकला लिफ्ट वर थांबवून मुख्य स्विच बंद करायला सांगा, त्याच्याशिवाय खाली उतरू नका, आणि टॉर्च तिरपी धरा. गाळाच्या आडव्या रेषा एकावर एक दिसतात. सर्वांत वरची बहुधा २०१९ किंवा २०२४ ची. प्रत्येक रेषेची उंची मोजून ठेवा. विजेचं मुख्य पॅनेल त्या रेषेच्या खाली असेल तर ते वर हलवण्याचा ठराव स्मरणिकेच्या आधी करा.

लिफ्टची खोली म्हणजे इमारतीचं दप्तरच. मोटरवर, ब्रेकवर आणि गव्हर्नरवर (वेग वाढला की लिफ्ट रोखणारा भाग) उत्पादकाच्या पट्ट्या असतात. मूळ रिलेचा कंट्रोलर, जो खटखट वाजायचा, तो काढून नवा ड्राइव्ह कधी बसवला हे नव्या पॅनेलच्या दाराच्या आतल्या आकृतीवर लिहिलेलं असतं. लायसन्सची आणि वार्षिक तपासणीची कागदपत्रं लावून पाहा. एक गोष्ट मुद्दाम विचारा : केबिन सजवल्यावर प्रतिभार पुन्हा जुळवला का? प्रतिभार म्हणजे केबिनला तोलणारं दुसऱ्या टोकाचं वजन, ते केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या ४० ते ५० टक्के एवढं ठेवतात. १.२ बाय १.४ मीटरच्या केबिनमध्ये २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट घातला की ९० किलो वाढले, वर आरसे आणि लाकूड. प्रतिभार तसाच राहिला तर ब्रेकवर ताण येतो, केबिन मजल्याच्या खाली थांबते आणि लोक ‘लिफ्ट जुनी झाली’ म्हणत राहतात.

दर्शनी भागावर नंतर काच किंवा एसीपीची (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये गाभा भरलेल्या) पत्र्यांची झूल चढवली असेल तर प्रत्येक मजल्यावर निदान एक पत्रा उघडा. आतला गाभा प्लास्टिकचा असेल तर तो पेटतो, आणि मागची पोकळी मजल्यामजल्यावर बंद केलेली नसेल तर आग चिमणीसारखी वर चढते. गच्चीवरच्या शेडबद्दलही तेवढंच कडक राहा. २०१९ मध्ये सुरतेच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या वाढीव बांधकामात अडकलेल्या बावीस जणांचा जीव गेला. तुमच्या गच्चीवरची शेड कधी आली हे गुगल अर्थच्या जुन्या प्रतिमांतून वर्षाच्या अंदाजाने कळतं, कुणाला विचारायची गरज नाही.

बांधकामाच्या काळातला पत्रव्यवहार मिळाला तर रद्दी समजू नका. न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प सेंटरचं उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. १९७७ साली पुरी झालेली ५९ मजली इमारत, कोपऱ्यावर चर्च होतं म्हणून खांब कोपऱ्यांत न घेता चारही बाजूंच्या मधोमध. तिरप्या आधारांचे सांधे वेल्डिंगचे ठरले होते. ठेकेदाराच्या सूचनेवरून ते बोल्टचे झाले आणि बदल पत्रव्यवहारात राहिला. १९७८ मध्ये इंजिनिअर विल्यम लेमेझुरियर यांनी तिरक्या वाऱ्याचा हिशेब नव्याने घातला तेव्हा ते बोल्ट कमी पडत होते. मग रात्री रात्री काम करून दोनशेहून अधिक सांध्यांवर पाच सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या वेल्ड केल्या. बाहेर हे कळलं १९९५ मध्ये. तुमच्या फाइलमध्येही ‘२० मिमी सळई उपलब्ध नसल्याने १६ मिमी वापरत आहोत, मंजुरी द्यावी’ असं एखादं पत्र असेल. ते स्कॅन करा आणि त्यावर उत्तर गेलं होतं का ते शोधा.

माणसांकडून माहिती घेताना ‘कुठल्या साली’ विचारू नका, कुणालाच आठवत नाही. जुन्या लिफ्टमनला, पंपवाल्याला, खालच्या चहावाल्याला विचारायचं : नवनिर्माणच्या आंदोलनाआधी की नंतर? मोरबीचं धरण फुटलं तेव्हा वरचा मजला झाला होता का? भूकंपाच्या दिवशी ती भिंत होती? १९७४, १९७९ आणि २००१, या तीन खुंट्यांवर बाकीच्या आठवणी बऱ्यापैकी नीट टांगता येतात. दोन माणसांचं जुळलं तर लिहा, नाहीतर ‘असं सांगतात’ म्हणून लिहा.

पन्नास वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची हा वाद तुमच्याकडे होणारच. रजाचिठ्ठी, पहिला वीजजोड, पहिली वेरा-आकारणी, लिफ्टचं लायसन्स आणि बी. यू. यांच्यात तीन-चार वर्षांचं अंतर असणं नेहमीचं आहे, आणि बी. यू. तर कधी कधी सर्वांत शेवटी, लोक राहायला आल्यानंतर मिळालेली असते. समारंभासाठी पहिली वेरा-आकारणी धरा, ती सहसा प्रत्यक्ष वापराच्या सर्वांत जवळ असते. स्ट्रक्चरल अहवालासाठी मात्र पायाच्या काँक्रीटची तारीख धरायची, कारण काँक्रीटचं वय उद्घाटनाची वाट पाहत नाही.

स्मरणिकेत छापायचा मजलावार तक्ता आणि असोसिएशनच्या कपाटातला तक्ता वेगळा ठेवा. दोन्हींत मूळ काय होतं, काय बदललं, साधारण कधी आणि पुरावा काय, हे चार रकाने हवेत. कपाटातल्या तक्त्यात पाचवा रकाना ऑफिस नंबरचा, म्हणजे कुठल्या युनिटने कुठली भिंत काढली याचा. तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला द्या आणि त्याचा लेखी अभिप्राय येईपर्यंत छापखान्यात पाठवू नका. नाहीतर प्रकाशन समारंभ राहील बाजूला आणि सर्वसाधारण सभा चौथ्या मजल्यावरच्या त्या एका भिंतीवरच रात्री अकरापर्यंत चालेल.